जुन्या जीपगाडीचा धूर

पिंपरी-चिंचवडकडील एखाद्या जुन्या वसाहतीतून, निगडीत म्हणा, आकुर्डीत म्हणा किंवा चिंचवडगावात म्हणा, सकाळच्या वेळी सहज फेरफटका केला, तर कोठे ना कोठे कुंपणाच्या कडेला मेणकापडाखाली झाकलेली एखादी जुनी जीप किंवा ट्रॅक्स दृष्टीस पडते. घरात नवी, गुळगुळीत, आवाज न करणारी गाडी आलेली असते. तरी ही जुनी गाडी घरातून जात नाही. तिच्यातून मंडळी भीमाशंकरला गेलेली असतात, पावसाळ्यात जुन्नरकडील शेताचा चिखलरस्ता तिनेच पार केलेला असतो. परंतु दर सहा महिन्यांनी एक दिवस असा येतो की, ह्या सगळ्या ममतेची परीक्षा होते. तो दिवस म्हणजे धुराच्या तपासणीचा. यंत्रातून आकडा बाहेर पडतो, तपासनीस मान हलवतो, आणि गृहस्थ खिन्न मनाने घरी येऊन म्हणतात, ‘आता हिला भंगारातच द्यावी लागणार!’

ह्या प्रसंगी मनुष्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली, गाडी मोडीत काढण्याची. दुसरी, कोणा ओळखीच्या माणसाकरवी तपासणीवाचूनच कागद मिळवण्याची. तिसरी वाट थोडी कष्टाची असल्यामुळे फारशी चोखाळली जात नाही; ती म्हणजे हा धूर येतो कोठून आणि का, हे शोधून काढण्याची. जुन्या इंजिनाचा धूर हा त्याच्या वयाचा अपरिहार्य परिणाम आहे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती बहुतांशी चुकीची आहे. धूर ही इंजिनाची तक्रार असते, आणि ती नीट ऐकून घेतली तर बहुतेक वेळा दूर करता येते. गाडी परीक्षेला उतरणे आणि गाडी चांगली चालणे ही दोन कामे वेगळी नसून एकच आहेत, एवढे ध्यानात आले की पुढचा मार्ग सोपा होतो.

ज्या गाड्यांविषयी येथे विचार करावयाचा आहे, त्यांचे आणि ह्या भूमीचे नाते जुने आहे. विलिस कंपनीची मूळ अमेरिकन जीप दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आली आणि युद्ध संपल्यानंतर अल्पावधीतच महिंद्र कंपनीने तिची जुळणी मुंबईत सुरू केली. तिचे पहिले इंजिन पेट्रोलचे होते. पुढे १९८० च्या दशकात डिझेलवर चालणाऱ्या जीपगाड्या घरोघर दिसू लागल्या. त्यांतील पुष्कळ गाड्यांत प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने तयार झालेले ‘एक्सडीपी ४.९०’ हे इंजिन असे. ह्या नावातच त्याची कुंडली आहे. चार म्हणजे सिलिंडरांची संख्या, आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर, म्हणून चार सिलिंडर मिळून सुमारे २,११२ घन सेंटिमीटर. इकडे आकुर्डीत बजाज टेम्पोच्या कारखान्यात, जो पुढे फोर्स मोटर्स ह्या नावाने ओळखला जाऊ लागला, ट्रॅक्स तयार होऊ लागली. तिला जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीच्या परवान्याने बनवलेले ‘ओएम ६१६’ हे सुमारे २.४ लिटरचे इंजिन मिळाले. ही दोन्ही इंजिने आपापल्या देशात प्रवासी मोटारींसाठी जन्मली आणि आपल्याकडे खेडोपाड्यांच्या वाटांवर राबली. त्यांत संगणक नाही, नाजूक संवेदक नाहीत. जे आहे ते पाना आणि मोजपट्टी घेऊन पाहता येते, आणि हीच त्यांच्या दुरुस्तीतील सर्वांत मोठी अनुकूलता आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पेट्रोल गाड्यांच्या उत्सर्जनावर भारतात १९९१ साली आणि डिझेल गाड्यांच्या उत्सर्जनावर १९९२ साली प्रथम बंधने आली. २००० सालापासून युरोपच्या धर्तीवर टप्प्याटप्प्याने ती कडक होत गेली. ह्या टप्प्यांना ‘भारत स्टेज’ असे नाव पडले. चौथा टप्पा पुण्यासारख्या मोठ्या शहरांत २०१० साली आणि साऱ्या देशात १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पाचवा वगळून सहावा टप्पा १ एप्रिल २०२० पासून आला. पुष्कळांना असे वाटते की, नवा टप्पा आला म्हणजे जुन्या गाडीलाही तो पाळावा लागतो. तसे नाही. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची तपासणी ती ज्या टप्प्यात जन्मली, त्या टप्प्याच्या मापाने होते. चौथ्या टप्प्यापूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके इतकी आहे. चौथ्या टप्प्यातील गाडीला ती ५० आहे. म्हणजे नातवाचे माप आजोबांना लावलेले नाही. आजोबांना त्यांचे स्वतःचे माप आहे.

हे ६५ एकक म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. धूरमापक यंत्रात ४३ सेंटिमीटर लांबीची एक नळी कल्पिलेली असते. तिच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा, आणि मधून गाडीचा धूर. नळी स्वच्छ असता दिव्याचे शंभर हिस्से प्रकाश दुसऱ्या टोकाला पोहोचत असेल, आणि धुरामुळे त्यांतील ६५ हिस्से वाटेतच अडून ३५ पोहोचत असतील, तर धूर ६५ एकक आहे असे समजावे. जेमतेम दीड फूटपट्टी लांबीच्या म्हणता येईल अशा ह्या छोट्या अंतरात दोन-तृतीयांश प्रकाश गिळण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. ही मुभा लहान नव्हे. जे इंजिन तीही ओलांडते, त्यात काही तरी खरोखरच बिघडलेले असते.

दिल्ली आणि तिच्या परिसरात २०१५ साली राष्ट्रीय हरित अधिकरणाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर केवळ वयामुळे निर्बंध घातले, आणि त्यावरून पुढे पुष्कळ वाद झाला. महाराष्ट्रात तसा वयाचा सरसकट नियम नाही. खाजगी गाडीला पंधरा वर्षे पुरी झाली की परिवहन कार्यालयात तिची पाहणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. ह्या नूतनीकरणाचे शुल्क मोटारगाडीसाठी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. जुनी गाडी ठेवणे महाग झाले आहे, पण निषिद्ध झालेले नाही. तिचा निकाल तिच्या वयावर नव्हे, तिच्या श्वासावर लागतो. तेव्हा त्या श्वासाची प्रक्रियाच पाहिली पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या खाली येताना सिलिंडरमध्ये नुसती हवा ओढली जाते. वर जाताना ती वीस-बावीस पट दाबली जाते आणि ह्या दाबानेच पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते. अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक तुषार सुटतो आणि आपोआप पेटतो. एक्सडीपी इंजिनाचा एक सिलिंडर एका खेपेस सुमारे अर्धा ग्रॅम हवा घेतो. एक भाग डिझेल पुरते जळण्यास साडेचौदा भाग हवा हवी, हा रसायनशास्त्राचा हिशेब झाला. प्रत्यक्षात डिझेल आणि हवा मिसळण्यास क्षणाचाही अवधी मिळत नसल्यामुळे, धूर न होता जळण्यासाठी अठरा ते वीस भाग हवा लागते. म्हणजे त्या सिलिंडरला एका खेपेस देता येण्याजोगे डिझेल पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास भरते. मोहरीचे आठ-दहा दाणे एकत्र केले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढेच हे तेल! एवढेसे तेल, मिनिटाला हजारो वेळा, नेमक्या क्षणी, धुक्यासारखे विरळ करून सोडावयाचे. त्यात दोन दाणे अधिक पडले, तुषाराऐवजी धार लागली किंवा हवाच कमी आली, की उरलेला कोळसा काळ्या ढगाच्या रूपाने मागच्या नळीतून बाहेर पडतो.

येथे आपल्या प्रदेशाचीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, आणि येथील हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे. भीमाशंकरसारख्या हजार मीटरच्या आसपासच्या ठिकाणी ती सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते. जुना पंप मात्र समुद्रकाठी देतो तेवढेच डिझेल डोंगरावरही देत राहतो. म्हणून कोकणात निर्धूर चालणारी गाडी घाट चढून आली की किंचित धुरकट होते. ज्या गाडीचा पंप आधीच ‘वाढवून’ ठेवलेला आहे, तिला तर घाटात स्वतःच्याच धुरातून वाट काढावी लागते.

धूर तीन रंगांचा असतो आणि प्रत्येक रंगाचा अर्थ निराळा असतो. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा: हवा थोडी किंवा तेल फार, अथवा तुषार जाडाभरडा. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे वंगणतेल जळत आहे. दट्ट्यावरील रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हच्या सीला झिजल्या आहेत. पांढऱ्या धुराचे दोन प्रकार आहेत. डोळ्यांना झोंबणारा आणि डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे तुषार पेटलाच नाही. थंड इंजिन, नादुरुस्त हीटर प्लग, उशिरा सुटणारे इंधन किंवा कमी दाब ही त्याची कारणे होत. न झोंबणारा, गाडी तापल्यावरही न थांबणारा आणि रेडिएटरमधील पाणी कमी करणारा पांढरा धूर म्हणजे वाफ. हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. हिवाळ्याच्या सकाळी पहिले दोन मिनिटे दिसणारी वाफ मात्र निरुपद्रवी असते. तिच्यासाठी हेड उतरवणे म्हणजे खोकल्यासाठी छाती चिरण्यासारखे होईल.

रंग ओळखल्यानंतर तपासणीचा क्रम पाळणे फार महत्त्वाचे. नेहमीची चूक अशी की, काळा धूर दिसताच पंप काढला जातो. पंप ही सर्वांत महाग आणि सर्वांत शेवटी हात लावावयाची वस्तू आहे. स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून आरंभ केला तर पुष्कळदा पंपापर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

पहिली हवा. जुन्या जीपला बहुधा तेलाच्या भांड्याचा एअर फिल्टर असतो. आत येणारी हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात बसते. चाकणच्या औद्योगिक भागातील बांधकामाच्या रस्त्यांवर किंवा उन्हाळ्यातील शेतवाटेवर हे भांडे किती लवकर चिखलाने भरते, हे ज्याने एकदा उघडून पाहिले तो विसरत नाही. तेल खुणेपेक्षा कमी असेल तर धूळ आत जाते. अधिक असेल तर तेलच आत ओढले जाते आणि निळा धूर दिसतो. जाळी डिझेलने धुऊन वाळवावी, तळाचा गाळ काढावा आणि खुणेपर्यंत नवे तेल भरावे. कागदी फिल्टर असेल तर तो झटकून पुनःपुन्हा वापरण्याची काटकसर शेवटी महाग पडते. स्वच्छ जागी, गाडी उभी असता, क्षणभर फिल्टर काढून इंजिन रेस केले आणि धूर एकदम कमी झाला, तर दोष कोठे होता हे सांगण्यास मिस्त्रीची गरज उरत नाही.

दुसरे इंधन. बरीच वर्षे थोडे थोडे भरून उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गंज साठतो. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून गाळ सोडावा, दोन्ही डिझेल फिल्टर बदलावेत, फीड पंपाची जाळी धुवावी आणि मग हातपंपाने नीट ‘एअर काढावी’. जुन्या रबरी नळ्यांना केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. त्यांतून तेल गळत नाही, पण हवा आत शिरते, आणि मग इंजिन अडखळते व पांढरट धूर टाकते. दोन-तीनशे रुपयांची नळी बदलून जो दोष जातो, त्यासाठी हजारो रुपयांचा पंप उघडला गेल्याची उदाहरणे गॅरेजांत पुष्कळ घडतात.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची फट आणि दाब. टॅपेट सेटिंग फीलर गेजने, त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाने करावे, अंदाजाने नव्हे. फट फार कमी झाली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाबलेली हवा निसटते. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. ट्रॅक्सच्या जर्मन इंजिनात तो नव्या स्थितीत सुमारे २२ ते २४ बार असतो. १५ च्या खाली गेला, किंवा दोन सिलिंडरांत तीन बारहून अधिक अंतर पडले, तर आतील झीज विचारात घ्यावी लागते. हे मोजमाप अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण त्याने पुढच्या सगळ्या खर्चाचा निकाल लागतो. दाब चांगला असेल तर इंजिनाचा देह धडधाकट आहे आणि दोष केवळ आहारात आहे असे समजावे. दाब वाईट असेल तर नोझल-पंपावर खर्च करणे व्यर्थ होय.

चौथे नोझल. ह्या इंजिनांत नोझल सुमारे ११५ ते १२५ बार दाबाला उघडते, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या पन्नास-साठ पट. वर्षानुवर्षांच्या कामाने आतील स्प्रिंग सैल होते आणि सुईचे टोक झिजते. नोझल लवकर उघडू लागते, तुषाराऐवजी पिचकारी सुटते आणि बंद झाल्यावरही एखादा थेंब गळत राहतो. नोझल चाचणीच्या हातयंत्रावर लावले म्हणजे ह्या सर्व गोष्टी डोळ्यांना दिसतात. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा, सारखा आणि टोकाशी कोरडा असतो, आणि सुटताना करकर असा आवाज येतो. हे पाहताना फवाऱ्यासमोर हात नेऊ नये; त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते आणि गंभीर इजा करते. भोसरी, चाकण आणि पुणे-नाशिक रस्ता हा सारा मालमोटारींचा प्रदेश असल्यामुळे पंप-नोझलचे काम जाणणारी दुकाने येथे दूर शोधावी लागत नाहीत. पूर्वी मायको ह्या नावाने घरोघर ठाऊक असलेल्या बॉश कंपनीचा नोझल-इंजेक्टरांचा कारखानाही ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला आहे. चारही नोझले एकदम तपासावीत. एकच बदलले तर तीन म्हाताऱ्या बैलांसोबत एक तरणा बैल जुंपल्यासारखे होते.

पाचवा आणि शेवटचा पंप. त्याचे दोन प्रश्न असतात: तेल केव्हा सुटते आणि किती सुटते. ‘केव्हा’ हे टाइमिंगचे काम. ओएम ६१६ मध्ये दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी क्रँकच्या सुमारे २४ अंश आधी तेल सुटू लागावे लागते. साखळी ताणली गेली की हा क्षण उशिरा येतो; मग ताकद कमी होते, गाडी तापते आणि धूर वाढतो. ‘किती’ हे कॅलिब्रेशनचे काम. पंप मोजणीच्या बाकावर चढवून चारही सिलिंडरांना सारखे आणि ठरलेले तेल जाते की नाही, हे काचेच्या नळ्यांत मोजले जाते. काही जुन्या पंपांत हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. त्याच्या आतील चामड्यासारखा पातळ पडदा फाटला तर पंप विनाकारण जादा तेल सोडू लागतो. हा पडदा किमतीने क्षुल्लक, परंतु त्याने केलेला धूर पाहून पुष्कळ इंजिने उगाच उतरवली जातात.

आता ह्या विषयातील दोन पापांविषयी सांगितले पाहिजे. पंपावर कमाल इंधनाचा एक स्क्रू असतो आणि कारखान्यात त्याला सील लावलेले असते. चढावर गाडी थकते म्हणून कोणी तरी तो स्क्रू फिरवून तेल वाढवतो. ताकद वाढल्यासारखी वाटते, धूर मात्र दुप्पट होतो. पुढे तपासणीच्या सकाळी तोच स्क्रू उलट फिरवला जातो आणि कागद हाती पडताच पूर्वपदावर आणला जातो. ह्या युक्तीत गाडीचा मूळ दोष तसाच राहतो. वर जादा तेलाने सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन निघते, दट्ट्ये तापतात, आणि जी गाडी जपावयाची म्हणून हा खटाटोप, तीच लवकर संपते. दुसरे पाप थोड्या नव्या गाड्यांत घडते. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील पुष्कळ डिझेल गाड्यांत जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत नेणारी ‘ईजीआर’ नावाची झडप असते. ती काजळीने अडकली की गाडी काळा धूर टाकते. म्हणून काही जण पत्र्याचा तुकडा घालून ती कायमची बंद करतात. धूर कमी होतो खरा, पण आतील उष्णता वाढून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वाढतात. डिझेल गाडीच्या नेहमीच्या तपासणीत केवळ धुराची दाटी मोजली जात असल्यामुळे ते पकडले जात नाहीत, एवढेच. झडप काढून धुणे हा ह्यावरचा खरा उपाय आहे. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीही आडकाठी आहे. इंजिन बदलावयाचे झाले तरी परिवहन कार्यालयाची संमती घ्यावी लागते.

पेट्रोलवरील जुन्या जीपची गोष्ट थोडी निराळी. तिच्या तपासणीत धुराची दाटी नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजले जातात. दुसऱ्या टप्प्यापूर्वीच्या चारचाकीला अनुक्रमे तीन टक्के आणि दशलक्षांत १,५०० भाग अशी मर्यादा आहे. पहिला आकडा वाढला तर कार्बोरेटर श्रीमंत मिश्रण देत आहे: चोक अडकला आहे किंवा फ्लोटची पातळी चढली आहे. दुसरा वाढला तर एखादा प्लग चुकत आहे किंवा ठिणगीचा क्षण हुकला आहे. अलीकडे देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे फुगणे वा ठिसूळ होणे हा एक नवा उपद्रव झाला आहे. त्यांच्या जागी इथेनॉल सोसणारे भाग बसवावेत, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. डिझेलच्या बाबतीत मात्र काळ अनुकूल आहे. २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षांत दहा भागांपर्यंत खाली आलेले आहे, आणि जुन्या इंजिनाला आपल्या तरुणपणी मिळाले नाही असे स्वच्छ इंधन उतारवयात मिळत आहे.

एवढे सर्व झाल्यावर तपासणीस जाताना एक साधी काळजी घ्यावी. गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून पुरती तापवून न्यावी. ही लबाडी नव्हे. तपासणीची पद्धतच तापलेल्या इंजिनाची आहे. गाडी उभी असता ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबून इंजिन कमाल वेगावर नेतात आणि हे अनेकदा करून सरासरी घेतात. म्हणून त्यापूर्वी वंगणतेलाची पातळी, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरमधील पाणी पाहून ठेवावे. नव्या तेलाने व स्वच्छ फिल्टरने गेलेली गाडी बहुधा मर्यादेच्या पुष्कळ खाली आकडा दाखवते. तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या खेपेस तो वाढला, तर गाडी मर्यादेत असली तरी काही तरी बिघडू लागले आहे हे सहा महिने आधी कळते. डॉक्टरांनी लिहून ठेवलेला रक्तदाब जसा उपयोगी, तसाच हा आकडा.

अर्थात प्रत्येक गाडी वाचवता येतेच असे नाही. दाब चारही सिलिंडरांत उतरला, तेल पिण्याचे प्रमाण वाढले, तर रिंगा-लायनरचे मोठे काम काढावे लागते. त्याबरोबर चेसिसला खालून गंज लागून पत्रा बोटाने दबत असेल, तर त्या गाडीला निरोप देणे हेच योग्य. त्यासाठी आता नोंदणीकृत केंद्रांची सोयही झाली आहे. परंतु हा निर्णय दाबमापकाच्या काट्याकडे आणि चेसिसकडे पाहून घ्यावा. एका दिवसाच्या धुराकडे पाहून नव्हे.

शेवटी, ही सारी यातायात कोणासाठी, ह्याचाही विचार केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. गाडीचा मालक पुढे बसलेला असतो. हा धूर त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. तो येतो चौकात थांबलेल्या दुचाकीवरच्या मुलाच्या, पदपथावरील चहावाल्याच्या, पाळी संपवून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या वाट्याला. तपासणीवाचून घेतलेला कागद मालकाला रस्त्यावर जाण्याची मुभा देतो, परंतु ह्या लोकांच्या छातीतील काजळीचा एक कणही तो कमी करत नाही.

ज्या पिंपरी-चिंचवडमध्ये ट्रॅक्स घडली, तेथेच, भोसरीला, केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. जवळच पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली वाहनांच्या चाचणीची ‘एआरएआय’ ही संस्था आहे, आणि तिचे एक केंद्र चाकणलाही आहे. गाडी घडवणारे, मोजणारे आणि दुरुस्त करणारे हात इतके जवळ असलेला प्रदेश देशात विरळा. अशा ठिकाणी कुंपणाशी उभी असलेली जुनी जीप काळा धूर टाकत असेल, तर तो दोष तिच्या वयाचा कमी आणि तिच्याकडे पाहण्याच्या आपल्या आळसाचा अधिक मानावा लागेल. एका रविवारी मेणकापड दूर करावे, एअर फिल्टरचे भांडे उघडावे आणि तेथून आरंभ करावा.